दोन हातांचं पांघरूण

शाळेतल्या हस्तकलेच्या बाई दुसऱ्यांदा आल्या, त्या मोजपट्टी घेऊनच.

"नुसतं माप घेऊन ठेवते हं काकू," त्या ओशाळून म्हणाल्या. "दारातून जाईल की नाही, तेवढं कळलं म्हणजे बरं."

"घ्या की. मापाला कुठे काय लागतंय," विणकरीण म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मनातून मात्र तिला वाटलं, अजून हो म्हटलं नाही तर या बाई सामान बांधायला निघाल्या!

माप मागाचं घ्यायचं होतं. दुसऱ्या मागाचं, तो शाळेसाठी हवा होता. पुढच्या खोलीत दोन माग शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून उभे होते. मधे एवढीच जागा की एकीने हात लांब केला तर दुसरीच्या खांद्याला लागावा. दोन्ही तिच्या नवऱ्याने केलेले. तो सुतार होता. पहिला माग लग्नानंतर दोन वर्षांनी, बायकोसाठी. दुसरा लेक दहा वर्षांची झाली तेव्हा. लेकीचे पाय खालच्या, पायाने दाबायच्या पट्ट्यांवर पोचेनात, म्हणून त्याने पट्ट्यांपुढे टाचा टेकायला एक जाड फळी ठोकून दिली होती. पुढे लेक ताडमाड वाढली, गुडघे मागाला आपटायला लागले, तरी फळी तशीच राहिली. आज काढू, उद्या काढू.

आता त्या मागावर जुनी चादर टाकलेली असायची. कुणी विचारलं तर विणकरीण म्हणायची, "धूळ बसते हो." धूळ तिच्या मागावरही बसत होती, पण त्याला चादर नव्हती.

"बाजार होऊन जाऊ दे," तिने बाईंच्या हातात कप देत सांगितलं. "मग सांगते. लेक येणारे विणायला. तिचा माग आहे, तिला विचारल्याशिवाय कसं देणार?"

"हो हो, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. पण जाताजाता त्यांनी दाराची रुंदीही मोजली.

आता हे लेकीचं विणायला येणं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

एका मागावर पांघरुणाची पुरी रुंदी मावत नाही. म्हणून दोन पट्टे विणायचे आणि मधोमध शिवायचे. कुठलाही शहाणा विणकर दोन्ही पट्टे एकाच माणसाकडून विणून घेतो, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. तेच सूत, तेवढेच धागे, पण आडवा धागा बसवायची फणी एकजण जोरात ठोकतो, त्याचं कापड आखूड भरतं; दुसरा हलकेच ठोकतो, त्याचं लांब. हात बदलला की पट्टे जुळत नाहीत. एका पातेल्याला दुसऱ्याचं झाकण.

पण दहा वर्षांची पोर हे थोडंच ऐकते. "माझं पण निम्मं," तिने पाय आपटून सांगितलं होतं. तेव्हापासून दर ऋतूत एक पांघरूण दोघींचं असायचं. डावा पट्टा आईचा, उजवा लेकीचा. त्याला घरात नावच पडलं, ऋतूचं पांघरूण.

ऋतू बदलायला लागला की मायलेकी कालव्याच्या काठाने फिरायला जायच्या. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सापडेल ते भरायचं. सुकलेलं पान, गंजका खिळा, कावळ्याचं पीस, शेवाळ धरलेली साल. घरी आल्यावर डबा खिडकीत उपडा करायचा, आणि त्यातल्या रंगांची सुतं एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळायची. किती धागे राखाडी, किती तपकिरी, कुठे एकच लाल. तो पांघरुणाचा नकाशा. मग पट्टी कात्रीने मधून उभी कापायची. अर्धी आईच्या मागाला टाचायची, अर्धी लेकीच्या.

पहिल्या पांघरुणाच्या वेळी लेकीचा पट्टा वीतभर लांब भरला. बापाने तो कसाबसा चुण्या घालून शिवला. शिवण त्याच्याकडे असायची. मागावरून उतरलेले दोन्ही पट्टे तोच भिजवायचा, वाळवायचा आणि आपल्या रंधा मारायच्या बाकावर अंथरून शिवायचा. त्यात कुणी हात घातलेला त्याला खपायचा नाही. पांघरूण अंथरलं तर मधोमध आठ्याच आठ्या, जसं काही ते कुणावर रागावलंय.

"फणी ठोकायची असते गं ठमे," विणकरीण ओरडली होती, "गोंजारायची नसते!"

लेकीचा नुसता खालचा ओठ पुढे आला. आईचं काळीज ते. त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, पुढच्या वेळी मीच जरा सैल विणते. तिच्याशी जुळेल तरी. पण तिला कळू देऊ नका हं, रुसून बसेल."

"हूं," सुतार म्हणाला. त्याच्या बोलण्यात हा शब्द सगळ्यात लांब होता.

तिने हात सैल सोडला. तरी पुढच्या पांघरुणाला आठ्या आल्याच. तिने आणखी सोडला. तरी आठ्या. एवढं करूनही जुळत नाही म्हणजे पोरीचा हात आहे तरी केवढा ढिला, असं म्हणून तिने कपाळाला हात लावला. वर पोरीची ती ठोकायची तऱ्हा! आईच्या मागाचा आवाज यायचा ठक. लेकीच्या मागाचा ठक-ठक. "विणतेस की नाचतेस?" आई म्हणायची. लेक मान वर न करता विणत राहायची. ठक. ठक-ठक. ठक. ठक-ठक. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, मायलेकींचं भांडण चाललंय वाटतं.

असं अकरा वर्षं चाललं. अकरा वर्षं आई ओरडली, लेकीने ओठ काढला, आणि सुतार बाकावर बसून चुण्या घालत गालातल्या गालात हसला.

"हसताय काय?"

"मी कुठे? दोरा हसतोय."

चार वर्षांपूर्वी झाडांना नवी पालवी फुटत असताना तो गेला. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्याच वर्षी लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. कापडाच्याच कंपनीत, पण तिथे ती कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि विणायचं काम कुठल्यातरी तिसऱ्याच गावात यंत्रं करायची. त्यानंतर ऋतूचं पांघरूण झालं नाही. विणकरीण मफलर विणायची, शाली विणायची, एकटीने दोन्ही पट्टे विणून साधी पांघरुणं करायची आणि बाजारात नेऊन मांडायची. ऋतू येत-जात होते. डबा फडताळात होता.

यंदा पानगळ सुरू झाली आणि काय वाटलं कोण जाणे, तिने डबा काढला. एकटीच कालव्यावर गेली. धुकं, चिखल, कापलेल्या गवताचे खुंट, काळ्या फांदीवर उरलेलं एकच लाल फळ. पट्टी झाली, कापली, आणि अर्धी हातात घेऊन ती उभी राहिली. मग फोन लावला.

"करू या ना आई!" लेक तिकडून अशी ओरडली की विणकरणीने फोन कानापासून लांब धरला. "मी चार दिवस रजा टाकते. तू दोन्ही मागांवर ताणा चढवून ठेव. माझी पट्टी पाठव, मी बघत राहते."

विणकरणीने पट्टी पाकिटात घालून पाठवली. दोन्ही मागांवर उभ्या धाग्यांचा ताणा चढवला. दुसऱ्या मागावरची चादर काढून धुतली, घडी घातली. लेकीच्या खोलीतला दिवा लागत नव्हता, तो बदलला. आपला डावा पट्टा विणायला घेतला. हात आपोआप सैल पडत गेला. अकरा वर्षांची सवय, चार वर्षांत थोडीच जाते.

पट्टा पुरा झाला त्या दिवशी फोन आला.

"आई, अगं ऐक ना. रागावू नकोस."

"रागावण्यासारखं आहे म्हणजे," आई म्हणाली.

"रजा नाही मिळत. इथे सगळं अंगावर आलंय. मी खूप भांडले गं, पण..."

"बरं."

"बरं असं म्हणू नकोस ना. ओरड तरी."

"कशाला ओरडू? काम आहे ते आहे. जेवतेस ना वेळेवर?"

"आई, तूच विण ना उजवा पट्टा. तुझ्या हाताने तरी नीट जुळेल. माझ्या वेळी नुसत्या आठ्याच यायच्या."

विणकरणीने विणला. लेकीच्या मागावर बसली तर ती फळी पायाखाली आली आणि गुडघे वर आले. बसायचं कसं ते कळेना, पण फळी काढायला हात होईना. तशीच अवघडून बसली आणि आठवडाभर विणत राहिली. ठक. मग काही नाही. मग पुन्हा ठक. मधे जो आवाज यायचा, त्याच्यासाठी कान आपला थांबलेला.

पट्टे तिने नवऱ्याच्या बाकावर अंथरले. काठाला काठ, रेघेला रेघ. लाल धागा इकडून निघून तिकडे जसाच्या तसा पोचला. एक चुणी घालावी लागली नाही. ज्या कामाला सुताराला दोन दिवस लागायचे, ते तिने दुपारच्या चहापर्यंत उरकलं.

बाजार दोन दिवसांचा होता, मोठ्या हॉलमध्ये. फरशी अशी गार की उभ्याउभ्या पाय गोठावेत. तिच्या शेजारी नेहमीप्रमाणे साबणवाली.

"आणलंस की गं यंदा!" साबणवालीने पांघरूण पाहून टाळी वाजवली. "मी म्हणतच होते, मायलेकी किती दिवस रुसून बसणार. आली होती ना ठमी?"

"नाही. मीच विणलं दोन्ही."

"अगंबाई," साबणवाली म्हणाली, आणि मग उगाचच तिने एक वडी विणकरणीच्या हातात ठेवली. "घे. कडेला फुटलीये, विकायची नाहीये."

फुटलेली वगैरे काही नव्हती.

घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारबाबा दरवर्षी यायचे. घ्यायचे काही नाहीत, पण प्रत्येक गोष्ट डोळ्याजवळ नेऊन बघायचे. त्यांनी पांघरुणाच्या मधून बोट फिरवलं, उलटं केलं, पुन्हा फिरवलं.

"शिवण कुठेय?"

"आहे ना. ही काय."

"वा! सापडतच नाही. दोन तुकडे आहेत म्हणून कुणी सांगणार नाही. हात बसला बरं का तुमचा!"

तिसाहून जास्त वर्षं विणणाऱ्या बाईला असं सांगणारा माणूस एरवी तिच्या तोंडाच्या तडाख्यातून वाचला नसता. आज ती नुसती "हो" म्हणाली. पांघरूण तासाभरात गेलं. कुणीतरी कुणालातरी द्यायला घेऊन गेलं. दोघींचं पांघरूण गेलं की दरवेळी तिला घरी जाईपर्यंत चुकल्यासारखं वाटायचं. या वेळी तसं काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आवराआवर चाललेली असताना बेकरीवाली धापा टाकत आली. बगलेत मोठं गाठोडं.

"ताई, तुमचंच आहे हो हे. नऊ वर्षं झाली. आमच्या कुत्र्याला अवदसा आठवली, मधोमध धरून ओढलं. शिवण उसवलीये. होईल का काही?"

विणकरणीने कोपरा उलगडला. उन्हाळ्यातलं होतं. वाळलेल्या गवताचा पिवळा, धुळीचा रंग, आणि त्या वर्षी ठमीने हट्टाने घातलेला, डब्यात कुठेही नसलेला निळा. मधून आठ्याच आठ्या.

"होईल. पूर्ण उसवून पुन्हा शिवावं लागेल."

"आणि जमलं तर त्या चुण्यासुद्धा..."

"बघते," विणकरीण म्हणाली.

सकाळी खिडकीत चांगला उजेड आल्यावर तिने उसवायला घेतलं. नवऱ्याचे टाके होते. सुतार माणूस, टाकासुद्धा खिळा ठोकल्यासारखा पक्का. एकेक कापताना जिवावर आलं. शेवटी दोन्ही पट्टे सुटे झाले. तिने ते ओले करून, इस्त्री फिरवून, बाकावर शेजारी शेजारी ठेवले. एक दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब.

"हा बघा ठमाबाईंचा," ती मोठ्याने म्हणाली. एकटं माणूस मोठ्याने बोलतंच. तिने लांब पट्ट्याच्या शेवटची मुडप उलटली. तिथे दोघींच्या खुणा असायच्या, आईचा एक काळा धागा, लेकीचे दोन पांढरे.

काळा धागा होता.

तिने चष्मा पुसला. दुसऱ्या पट्ट्याची मुडप उलटली. दोन पांढरे. अंगठा आडवा ठेवून धागे मोजले. तिच्या पट्ट्यात अंगठ्याखाली चौदा. लेकीच्यात पंधरा. पुन्हा दुसरीकडे मोजले, पुन्हा तेच. घट्ट विणलेला, आखूड भरलेला पट्टा लेकीचा होता. सैल, लांबलेला, आठ्या आणणारा पट्टा तिचा स्वतःचा.

पहिल्या पांघरुणानंतर तिने दोन सुटे पट्टे एकत्र कधी पाहिलेच नव्हते. पाहणारा एकच माणूस होता.

तिने पट्टे तसेच बाकावर सोडले. मग फोन लावला. कामाच्या वेळी करत नसे, आज केला.

"काय झालं आई?" लेक घाबरून म्हणाली. "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये. ठमे, एक सांग. तू फणी दोनदा का ठोकायचीस?"

"काय?"

"ठक-ठक. दोनदा. का?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. लेक कुठेतरी बाजूला गेली असावी. "तू किती ओरडायचीस! गोंजारतेस म्हणायचीस. म्हणून मी प्रत्येक धागा दोनदा ठोकायचे, तुझ्याएवढा घट्ट व्हावा म्हणून. हात भरून यायचे गं माझे. तरी आठ्या यायच्याच. शेवटी मी नादच सोडला. म्हटलं, आईसारखा हात काही आपल्याला येणार नाही."

विणकरणीने बाकावरचा लांब पट्टा हातात घेतला.

"अगं, मी सैल सोडत होते."

"म्हणजे?"

"तुझ्याशी जुळावं म्हणून. तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून. मी सैल, आणखी सैल. आणि तू..."

"आई!" लेक किंचाळली. मग हसायला लागली. आईही हसायला लागली. दोघी हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मधेच लेकीचं हसणं थांबलं.

"बाबांना माहीत होतं."

"काय?"

"मी दोनदा ठोकते ते. मीच सांगितलं होतं त्यांना. म्हटलं आईला सांगू नका, जुळलं की तिला आपोआप कळेल."

"काय म्हणाले?"

"हूं."

विणकरणीने डोळे मिटून घेतले. "मीही त्यांना तेच सांगितलं होतं. तुला सांगू नका म्हणून."

दोघींचा शब्द त्याने राखला होता. अकरा वर्षं, प्रत्येक ऋतूला, दोन पट्टे समोर अंथरून त्याने पाहिलं होतं की या दोघी एकमेकींकडे यायला निघतात आणि वाटेत चुकामूक होऊन एकमेकींच्या घरी पोचतात. बिचारा मग सुईदोरा घेऊन बसायचा. आता त्याला चांगलं फैलावर घ्यावं, तर तोही हाताशी नव्हता.

"दोरा हसतोय म्हणायचे," लेक हळूच म्हणाली.

"मेला दोरा," आई म्हणाली.

तिकडून कुणीतरी लेकीला हाक मारली. ती म्हणाली, "आले, दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत काय विचारायचं ते विणकरणीला ठाऊक होतं. महिनाभर तेच एक गिळत होती ती.

"ठमे, शाळेतल्या बाई तुझा माग मागतायत. देऊ?"

लेकीने उलट तिलाच विचारलं.

"तुला काय वाटतं, आई?"

"मला काय वाटतं ते विचारू नकोस. पुन्हा मी सैल सोडेन, तू घट्ट धरशील आणि घोटाळा होईल. तुला काय वाटतं ते सांग. एकदाच काय ते खरं."

लेक म्हणाली, "दे." आणि मग घाईघाईने, "मी येणारे गं. नक्की येणारे. पण विणायला नाही आई. तुला भेटायला. मला विणणं... मला ते आवडायचं ते तू शेजारी होतीस म्हणून. एकटीला नाही आवडत मला. पट्टी आहे माझ्या टेबलावर. सगळे विचारतात काय आहे म्हणून."

"काय सांगतेस?"

"पानगळ आहे म्हणते."

"बरं," आई म्हणाली. या वेळचं बरं खरं होतं. लेकीला ते कळलं असावं, कारण या वेळी ती 'ओरड तरी' म्हणाली नाही. पुन्हा हाक आली आणि फोन ठेवला गेला.

विणकरणीने दोन दिवस लावून पांघरूण शिवलं. चार बोटं कापून टाकली असती तर शिवण सरळ आली असती, बेकरीवालीचीही तीच इच्छा होती. तिने कापली नाहीत. नवऱ्याच्या सुईची भोकं कापडात अजून दिसत होती. एकेका भोकातून सुई घालत, तो जिथे चुणी घ्यायचा तिथेच चुणी घेत ती गेली. मधोमध आठ्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"चुण्या नाही का जात?" बेकरीवालीने विचारलं.

"नाही हो. फार प्रयत्न करून आल्यात त्या."

शनिवारी शाळेतल्या बाई आपल्या नवऱ्याला आणि एका हातगाडीला घेऊन आल्या. मागाचे सांधे नुसते खुंट्यांनी धरलेले, एकही खिळा नाही. खुंट्या काढल्या की सगळा माग लाकडांचा भारा होऊन पडला. एवढाच असतो का माग, असं वाटलं विणकरणीला. सगळं गाडीवर चढलं. शेवटी बाई पायाकडचा भाग उचलून थांबल्या.

"काकू, ही फळी कसली वरून ठोकलेली?"

"पाय पोचत नव्हते."

"मग आता काढून टाकू? इथे ठेवून जाते हवी तर."

विणकरणीने फळीवरून हात फिरवला. मधे दोन खळगे पडले होते, टाचांचे.

"राहू दे," ती म्हणाली. "तुमच्याकडे कुणाचे तरी पोचत नसतीलच."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी ती आत आली. खिडकीसमोर, जिथे माग होता तिथे, फरशीवर त्याच्या पायांखालचे चार स्वच्छ चौकोन होते आणि ऊन थेट भिंतीपर्यंत पोचलं होतं. तिने केर काढला. चौकोन काही गेले नाहीत. मग ती आपल्या मागावर बसली. एक मफलर अर्धा होऊन पडला होता. हात सैल पडायला लागला तसा तिने थांबवला, आणि फणी स्वतःच्या जोराने, पहिल्यासारखी ठोकली.

ठक.

थोडं थांबली. मग त्याच धाग्यावर, हलकेच, आणखी एकदा ठोकली.